विहिरीवरचा स्लॅब आणि माझा तास

मी यंत्रशाळेत मराठी शिकवत होतो, असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे फिटरना?"

होय, फिटरना. मोल्डरना, सुतारांना, लोहारांना, आणि ड्रॉइंगच्या टेबलावर दिवसभर वाकून पाठीला बाक आलेल्या पोरांना. युद्धाच्या वर्षांत बेळगावातल्या एका तांत्रिक शाळेत मी हे काम केलं. संपादकांनी दिवाळी अंकासाठी कामातल्या गमती मागितल्या आहेत. गमती आहेत, त्या सांगतोच. पण त्यांच्या आड एक वेगळीच गोष्ट आहे. आणि या वर्षी, आपलं राज्य आलेलं असताना, ती फारच आठवू लागली आहे.

मी वाढलो मामांच्या छापखान्यात. दुसऱ्यांच्या घरची पोरं गोष्टी ऐकत मोठी झाली, मी पत्रकं वाचत मोठा झालो. दारूबंदीचं पत्रक, स्वदेशीचं पत्रक, विधवाविवाहाचं पत्रक. देवीची लस टोचून घ्या म्हणणारं आणि मुळीच घेऊ नका म्हणणारं, दोन्ही आमच्याकडेच छापली जात, आणि मी दोन्ही तितक्याच भक्तीने पाठ करी. त्यामुळे शाळेत नोकरीला लागलो तेव्हा माझं बोलणं साधारण पत्रकासारखंच होतं. वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असल्याशिवाय मला श्वास घेता येत नसे.

यंत्रशाळेतल्या मराठीच्या मास्तरचं काम काय असतं, ते सांगतो. आठवड्याला दोन तास. त्यात भाषा, इतिहास, थोडं वर्तमानपत्र, थोडी वादसभा. पोरं त्याला 'गप्पांचा तास' म्हणायची आणि कानशीने घासून काळे पडलेले हात विजारीला पुसत माझ्या वर्गात येऊन निवांत डुलक्या काढायची. त्यांना जागं ठेवायला मी एक युक्ती काढली होती. प्रत्येकानं एक यंत्र निवडायचं आणि ते आपल्या घरच्या माणसाला समजेल असं सगळ्यांपुढे उभं राहून सांगायचं. इंग्रजी शब्द वापरला की खाली बसायचं.

यात पहिला उठायचा परशराम. हा गुंजीचा. बाप रेल्वेवर गँगमन, त्यामुळे पोरानं गुंजी स्टेशनात थांबलेली इंजिनं बघून बघून चित्रकला शिकलेली. ड्रॉइंगमध्ये शाळेत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. लेथ समजावताना तो म्हणाला, "आप्पा, ह्ये चाक फिरतंय न्हवं, त्येला लई भूक लागलीया. लोखांड आडवं धरलं की त्याची सालं काढून खातंय. आपुन निस्तं हात सांभाळायचा, न्हायतर आपलीबी सालं काढतंय."

वर्ग हसला. पण त्यानंतर लेथवर बोट चेपून घेणारी पोरं कमी झाली, असं वर्कशॉपच्या मिस्त्रींनी मला स्वतः येऊन सांगितलं. मी हे यश नाडगौडासाहेबांच्या कानावर घातलं. साहेब म्हणाले, "मग तुम्हाला वर्कशॉपात नोकरी देऊ का?"

नाडगौडासाहेब आमचे प्रमुख. मोठे इंजिनिअर, बोलायला कोरडे, पण खोटेपणा मुळीच नाही. त्यांचं आणि माझं भांडण रोजचं होतं आणि त्यात काही चोरून नव्हतं. ते म्हणत, युद्ध चालू आहे, लष्कराच्या कॅम्पातून फिटरांची मागणी रोज वाढते आहे, आणि मी पोरांचा वेळ शब्दांत घालवतो आहे. मी म्हणे, माणसाला नुसतं हत्यार धरायला शिकवलं की तो स्वतःच कुणाचं तरी हत्यार होतो! साहेब शांतपणे चष्मा पुसत आणि विचारत, "हे कुठल्या पत्रकातलं?"

दुसरा मुलगा नेमू. नेमगोंडा पाटील. निपाणीच्या अलीकडे तंबाखूच्या शेतांमधलं एक गाव, बहुतेक सगळी घरं जैनांची, तिथल्या शेतकऱ्याचा मुलगा. हिशेबात पक्का, हाताने स्वच्छ, बोलायला अगदी कमी. माझ्या तासाला तो नेहमी मागे बसे आणि त्याची पाळी आली की सांगे, "मास्तर, मला न्हाय येत." घरात कानडी-मराठी दोन्ही बोलणारा हा मुलगा वर्गात दोन्ही विसरायचा.

वसतिगृहात आला तेव्हा त्याच्याजवळ एक जाड पांढरं फडकं होतं. नळाला घागर लावायची, फडकं दुहेरी करून तोंडाला बांधायचं आणि मगच पाणी भरायचं. पाण्यातला बारीकसा जीव आपल्या पोटात मरू नये म्हणून त्यांच्याकडे पाणी असंच गाळून पितात, एवढं आम्हा सगळ्यांना माहीत होतं. परशरामनं त्याचं नाव 'गाळण्या' ठेवलं. "ए गाळण्या, माझ्या च्यात हत्ती पडलाय, काढ की!" दोघे मित्रच होते, चेष्टा मित्राचीच होती. काही महिन्यांनी ते फडकं दिसेनासं झालं. वसतिगृहाचे व्यवस्थापक म्हणाले, पोरगा सुधारला. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आता विहीर.

नेमूच्या गावात वापराची एकच मोठी विहीर होती. कठडा ढासळलेला, एका अंगाने पायऱ्या. लोक त्या पायऱ्या उतरून घोटाभर पाण्यात उभे राहून घागरी भरत. आदल्या उन्हाळ्यात तिथे पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली होती आणि घरंच्या घरं आजारी पडली होती. तेव्हा ही विहीर झाकून वर हातपंप बसवायचा आणि आसपासच्या गावांना नमुना दाखवायचा असं ठरलं, आणि ते काम आमच्या शाळेकडे आलं. साहेबांनी ते तिसऱ्या वर्षाच्या पोरांना दिलं. आराखडा परशरामचा, मापं आणि हिशेब नेमूचा.

त्या कामासाठी वेळ कुठून काढायचा? सोमवारी वेळापत्रक बघितलं तर माझ्या दोन्ही तासांवर लाल पेन्सिलीची रेघ. मी तडक साहेबांच्या खोलीत गेलो.

"मास्तर," साहेब म्हणाले, "विहीर झाकायला कविता लागत नाही. सिमेंट लागतं, आणि ते परवान्यावर मिळतं."

"विहीर माणसांसाठी असते, साहेब!"

"म्हणून तर झाकतोय." त्यांनी कागद बाजूला सारला. "माझा धाकटा भाऊ पटकीनं गेला. सकाळी शाळेत गेला होता. मला तुमच्याशी वाद घालायचा नाही. तास राहायचा की जायचा ते शाळेची समिती उन्हाळ्यात ठरवील. तोवर पोरं माझी."

यावर माझ्याजवळ पत्रक नव्हतं. मी परत आलो.

काम मात्र पोरांनी सुरेख केलं, हे कबूल करायला हवं. पायऱ्यांची वाट बांधून बंद केली. वर काँक्रीटचा स्लॅब, कुठे फट नाही, भोवती सांडपाण्याला उतार. पंपात साधारणपणे चामड्याचा वॉशर असतो. पाणी ओढणाऱ्या दांड्याला ती गोल चकती बसवतात, तीच पाणी वर रेटते. चामड्याला लागलेलं पाणी गावातली माणसं पिणार नाहीत हे साहेबांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी पोरांकडून मोटारीच्या जुन्या टायरचा वॉशर कापून घेतला. "लोकांच्या भावनांचा विचार आम्हीही करतो," असं ते मला मुद्दाम म्हणाले. खरं होतं ते.

उद्घाटनाला सगळं गाव जमलं. साताप्पा म्हणून एक म्हातारे शेतकरी होते, नेमूच्या घराला लागून घर. त्यांना पहिला दांडा मारायचा मान. म्हातारबांनी धोतर खोचलं आणि असा काही दांडा हाणला की पाण्याचा लोट उडून साहेबांची इस्त्रीची विजार गुडघ्यापर्यंत भिजली. "साहेब, लई पाणी हाय! लई हाय!" साताप्पा ओरडत होते आणि दांडा सोडत नव्हते. नाडगौडासाहेबांना मी त्या दिवशी पहिल्यांदा हसताना पाहिलं. नेमूची आई, गाव तिला आव्वाच म्हणे, बायकांच्या घोळक्यात पदर तोंडाला लावून उभी होती. तिच्या लेकाच्या गळ्यात हार पडला तेव्हा तिने डोळे पुसले. पण त्या दिवशी तिथून तिने घागर भरून नेली नाही. माझ्या हे लक्षात आलं, आणि गर्दीमुळे असेल असं वाटून मी ते सोडून दिलं.

चैत्र लागला. ऊन चढलं. मग एकेक बातमी येऊ लागली. गावातल्या बायका पंपाचं पाणी नेत नाहीत. कोसभर लांबच्या ओढ्यावर जातात. ओढा आटून नुसती डबकी राहिलेली, त्यातच गुरं, त्यातच धुणी. आणि निपाणीच्या बाजारात कोणीतरी ओकत पडलं, पेठेतली दोन दुकानं बंद झाली, पटकी आली म्हणतात.

साहेबांनी मला बोलावलं. चेहरा उतरला होता. "चामडं नाही म्हणून सांगितलं, उघडून दाखवलं. तरी नाही. मास्तर, तुम्ही भाषावाले. त्यांना समजवा. परशराम आणि नेमूला बरोबर घ्या."

मला हवी होती ती संधी आली होती. मी छापखान्यात बसून पत्रक लिहिलं, 'पटकीपासून सावध!'. मामांनी एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कानडी छापून दिलं. त्यात उद्गारचिन्हांची कमतरता नव्हती. गावात पोचल्यावर मी देवळापुढच्या कट्ट्यावर उभा राहून घसा बसेपर्यंत बोललो. पाणी म्हणजे काय, जंतू म्हणजे काय, अंधश्रद्धा म्हणजे काय. लोकांनी नीट ऐकून घेतलं. कोणी विरोध केला नाही. एकजण म्हणाला, "मास्तर बोलत्यात झ्याक." आणि भाषण संपल्या संपल्या बायका घागरी उचलून ओढ्याकडे निघाल्या.

मी त्या रांगेकडे बघत राहिलो. प्रत्येक घागरीत मला मरण दिसत होतं आणि माझ्या हातात उरलेली पत्रकं होती.

साताप्पा पंपाशी धडपडत होते. "मी एकला पीत हुतो ह्येचं पानी," ते म्हणाले, "पर ह्यो आता खोकतोय निस्ता." पंप बरेच दिवस चालला नाही की आतला वॉशर सुकतो. मग वरून पाणी पाजल्याशिवाय तो पाणी ओढत नाही. पाजायचं पाणी होतं ओढ्यावर. परशरामनं धावत जाऊन तिथून तांब्याभर आणलं, पंप चालू करून दिला. साताप्पांना म्हणाला, "आजा, रोज हाणत ऱ्हावा, सोडू नगा." साताप्पा म्हणाले, "अरं, मी एकलाच प्यायला. रोज रोज किती हाणू? मीबी आताशा वड्याचंच पितोय की."

दुपारी आम्ही नेमूच्या घरी टेकलो. आव्वा ओढ्यावरून घागर घेऊन आली. घामाने भिजलेली. तिने रिकाम्या हंड्याच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधलं आणि सावकाश पाणी ओतलं. आम्ही बघत होतो. पाणी गाळून झाल्यावर तिने ते फडकं सोडलं, उलटं केलं, गाळलेलंच थोडं पाणी घेऊन एका लहान तांब्यात ते खळबळून काढलं. मग तांब्या उचलला आणि पुन्हा उन्हात निघाली.

"काकू," परशरामनं विचारलं, "आता परत कुठं?"

"वड्याला."

"त्यो तांब्या घिऊन?"

"ही जिवाणी हाय, तम्मा," आव्वा म्हणाली. लहानग्याला समजवावं तसं. "फडक्यावर जीव ऱ्हात्यात न्हवं. ज्या पान्यातलं त्याच पान्यात सोडायचं त्यास्नी. दुसऱ्या पान्यात टाकलं तर मरत्यात. जमिनीवर वतलं तरी मरत्यात. मग गाळलं कशाला?"

परशराम उभाच राहिला. तो ड्रॉइंगवाला होता, त्याला दोन रेघांत चित्र दिसतं. मला थोडा वेळ लागला. पंपाचं पाणी गाळता येतं. पण फडक्यावरचे जीव परत सोडायचे कुठे? विहिरीत. आणि विहिरीवर आमचा स्लॅब होता, ज्यात कुठे फट नव्हती.

"काकू, मग आमास्नी सांगितलं का न्हाईसा?"

आव्वा नेमूकडे बघत नव्हती, ती उंबऱ्याकडे बघत होती. "माझ्याच लेकानं बांधलंय ते. साहेब आलते, हार घातलता. त्येला कमीपणा आणू व्हय मी? वडा काय लई लांब न्हाय." आणि ती गेली.

परशराम नेमूकडे वळला. "गाळण्या, तुला म्हाईत होतं ह्ये?"

"व्हय."

"स्लॅब घालताना?"

"व्हय."

"आरं, मग तोंड शिवलंतं काय तुझं!"

नेमूनं मान वर केली. त्याला एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "कुठं बोलायचं? ड्रॉइंगमदी ह्येला जागा हाय काय? फूट इंच लिवायचं, लोखांड किती, शिमिट किती. आव्वा तांब्या घिऊन जात्या ह्ये कुठल्या कोपऱ्यात लिवायचं? फडकं बांधलं तर गाळण्या म्हनलासा. मला वाटलं, ह्ये आपलं घरातलं. शाळा येगळी, घर येगळं."

त्या दिवसापासून 'गाळण्या' हे नाव परशरामच्या तोंडी कधी आलं नाही.

मी माझ्या तासाची बाजू मांडायला आजवर पुष्कळ लिहिलं आहे. समितीपुढे मोठमोठे शब्द वापरले आहेत. पण माझं खरं म्हणणं नेमूनं त्या दुपारी सांगून टाकलं. आपण पोराला विद्या देतो आणि देताना दाराशी त्याचं घर काढून ठेवायला लावतो, पायातल्या वहाणांसारखं. मग तो यंत्र बांधतो ते कोणासाठी? ज्यांना त्यानं दाराबाहेर ठेवलं त्यांच्यासाठीच. इतिहास, भाषा, वाद, गोष्ट हे विषय पोरांना पदवीची शोभा म्हणून द्यायचे नसतात. फूट-इंचांत न मावणारी गोष्ट चारचौघांत उभं राहून बोलायची सवय लागावी म्हणून द्यायचे असतात. माझे दोन तास रद्द झाले नसते तर नेमू बोललाच असता, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. ते असतानाही तो मागेच बसत होता. पण बोलण्याची जागाच काढून टाकली की कोणी बोलण्याची शक्यताही राहत नाही, एवढं नक्की.

आम्ही त्याच संध्याकाळी बेळगावला परतलो. साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "नाही."

"साहेब, माणसं मरतील!"

"भोक पाडलं तरी मरतील. आज त्यातून तांब्या जाईल, उद्या घागर, परवा पोहरा. पटकी त्याच भोकातून आत शिरेल. मी झाकण उघडायला झाकण घातलं नाही."

आणि वाईट हे, की ते चूक बोलत नव्हते. मी नुसता जळत उभा राहिलो. माझ्याजवळ राग होता, उपाय नव्हता. उपाय पोरांकडे होता. परशराम म्हणाला, "साहेब, काढून दावू?" आणि दुसऱ्या दिवशी दोघे ड्रॉइंगच्या टेबलाला चिकटले. मी तिथेच खुर्ची टाकून बसलो. मला काही येत नव्हतं, पण जाववतही नव्हतं. निपाणीकडून येणाऱ्या प्रत्येक मोटारीचा आवाज ऐकून मी खिडकीशी जात होतो.

परशरामनं स्लॅबवर वीतभर उंचीचा गोल कठडा काढला, त्यावर कडांच्या खाली उतरणारं लोखंडी झाकण. आत कायमचा साखळीला बांधलेला एकच तांब्या, जो कठड्याबाहेर निघणारच नाही. बायकांनी आपलं भांडं आत घालायचं नाही, जिवाणी त्या तांब्यात ओतायची, तांब्या खाली सोडायचा.

नेमूनं चित्रातल्या तांब्यावर बोट ठेवलं. "तांब्याच्या बुडाला कडी लाव, साखळी तिला बांध आन् काठाच्या हुकात सैल अडकीव. वरून वतलं तर येवढ्या उंचीवरनं पडून जीव मरत्यात. पान्याला टेकला की हुक सुटतोय, मग ताण दिला की बुडाकडनं उलटतोय, हळू. आव्वाचा तसाच हाय." थांबून पुन्हा म्हणाला, "आन् साखळी लांब घे. आपुन मापं घेतली तवा पानी वर होतं. चैतात लई खाली जातंय."

परशरामनं साखळीचा आकडा खोडून दुसरा घातला.

साहेबांनी ड्रॉइंग उजेडात धरलं. खूप वेळ बघितलं. "तांब्या बाहेर निघत नाही, नक्की?"

"न्हाई निघत, साहेब."

"जे पाणी आत जाणार, ते याच पंपाचं, गाळलेलं."

"व्हय, साहेब."

त्यांनी सही केली, आणि वर्कशॉपात रात्रीतून झाकण, साखळी, तांब्या तयार झाले. वर स्वतःच छिन्नी-हातोड्यांची पेटी मोटारीत ठेवली आणि आमच्याबरोबर निघाले.

गावात शिरलो तेव्हा साताप्पांच्या दारात माणसं बसली होती. आदल्या सकाळी त्यांना उलट्या सुरू झाल्या होत्या आणि दिवस मावळायच्या आत ते गेले होते. साहेब मोटारीतून उतरले, त्या दाराशी गेले आणि टोपी काढून उभे राहिले. मला वाटतं, त्यांना भिजलेली विजार आठवत असावी. मला तरी आठवत होती. आम्ही एक दिवस आधी आलो असतो तर ते वाचले असते का, मला माहीत नाही. ते ओढ्याचं पाणी आधीच प्यायले असतील. पण हा प्रश्न मी स्वतःला विचारायचं थांबलेलो नाही.

नंतरचं थोडक्यात सांगतो. पटकी त्या भागात पसरली, पण त्या गावात साताप्पांनंतर कोणी दगावलं नाही. समितीनं उन्हाळ्यात माझा तास काढून टाकला. साहेबांनी मला खोलीत बोलावून म्हटलं, "माझ्या ड्रॉइंगमधून एक तास घ्या. समितीला सांगायचं कारण नाही." पुढे दोन वर्षं तो तास असा चोरून चालला. मग साहेबांची बदली झाली, नवे प्रमुख आले, आणि तासही गेला, मीही गेलो. परशराम आज रेल्वेत आहे. नेमू पाण्याच्याच खात्यात आहे, आणि ऐकतो की साइटवर आधी बायकांशी बोलतो म्हणून त्याचे वरिष्ठ वैतागतात.

आता सगळीकडे एकच बोलणं ऐकू येतं. धरणं बांधू, कारखाने उभारू, गावोगाव इंजिनिअर पाठवू. मला आनंद होतो, पण पुरता नाही. कारण जोडीला हेही ऐकतो, की आता रिकामे विषय पुरे, देशाला कामाची विद्या हवी. बोलणारे नाडगौडासाहेबांइतकेच प्रामाणिक आहेत. म्हणूनच भीती वाटते. केवढे मोठे स्लॅब पडणार आहेत, आणि आपल्या आईचं घरातलं काम माहीत असलेला, तोंड मिटून उभा असलेला एखादा नेमू प्रत्येकाजवळ असणार आहे.

त्या दिवशी गावात स्लॅबला भोक पाडून, कठडा बांधून, झाकण बसवून झालं, दोन-तीन दिवसांत सिमेंट सुकलं, आणि बायका जमल्या. साताप्पांच्या घरात अजून सुतक होतं. आव्वा पुढे आली. पंपाचं पाणी तिने गाळलं, फडकं उलटं करून खळबळलं, झाकण उचलून जिवाणी आतल्या साखळीच्या तांब्यात ओतली. मग तांब्या खाली सोडला.

साखळी हातातून सरकू लागली. सरकत राहिली. मी परशरामकडे बघितलं तर त्याचे ओठ हलत होते. पाणी त्या वर्षी नेहमीपेक्षाही खाली गेलं होतं. कठड्याशी उरलेलं वेटोळं लहान होत चाललं, एकेक कडी कमी होत होती. साहेब पुढे झुकले. बायका घागरी काखेला लावून थांबल्या होत्या. त्यांच्यातली एकजण ओढ्याच्या वाटेकडे वळून बघत होती.

नेमू गुडघ्यांवर बसला आणि त्यानं कठड्याला कान लावला. शेवटचं वेटोळं उलगडलं. आव्वाचा हात थांबला.

"टेकला, आव्वा," नेमू म्हणाला. "सोड त्यास्नी आता. हळू."